ट्रॉम्पो बसतो तेव्हा

ट्रॉम्पो बसला. पुढचं सगळं त्याच्या त्या बसण्यातून घडलं.

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि दोस पेन्यासच्या सीमा चौकीवरचं डांबर आत्ताच बुटांना चिकटायला लागलं होतं. मेक्सिकोकडून ॲरिझोनात येणाऱ्या गाड्यांच्या सहा रांगा लागल्या होत्या. दालिया एन्सीनास आपल्या कुत्र्याला घेऊन चौथ्या रांगेतून चालली होती. ट्रॉम्पो म्हणजे भोवरा. बक्षिसाचा गुंडाळलेला टॉवेल दिसला की तो आनंदाने स्वतःभोवती गरगर फिरायचा, म्हणून हे नाव. कामावर मात्र तो कडक शिस्तीचा. भुंकणं नाही, ओरबाडणं नाही. माल असला की तिथे बसायचं, नाक तिकडे रोखायचं आणि दगडासारखं थिजून जायचं.

एका जुन्या करड्या गाडीच्या मागच्या दाराशी तो तसाच बसला होता.

"बसलाय!" दालिया ओरडली.

चौकीवरचा अधिकारी वेड टॉलिव्हर दोन उड्यांत तिथे पोचला. सव्वासहा फुटांचा गडी, मान खांद्यांइतकीच रुंद. त्याने पिस्तूल काढून चालकाच्या काचेवर टेकवलं. "हात! हात दाखव! हात वर!"

गाडीत फिदेन्सिओ उर्रेआ होता. पन्नाशीचा, बारीक चणीचा, कवळ्या बनवणारा कारागीर. सीमेपलीकडे त्याचं लहानसं दुकान होतं आणि इकडच्या म्हाताऱ्यांचे दात तो महिन्यातून दोनदा स्वतः आणून द्यायचा. मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता. हात वर करायचं सोडून त्याने तो खोका पोटाशी घट्ट धरला.

"साहेब, दात आहेत यात. हळू, साहेब, फुटतील..."

"हात वर म्हटलं ना, हरामखोरा!"

दार उघडलं गेलं आणि फिदेन्सिओ गळपट्टीला धरून बाहेर ओढला गेला. धडपडताना त्याचं कोपर टॉलिव्हरच्या ओठाला लागलं. एवढं पुरलं. टॉलिव्हरने त्याचे केस मुठीत धरले आणि त्याचं तोंड बॉनेटवर आपटलं. एकदा. मग परत. तिसऱ्या वेळी ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि फिदेन्सिओचा जबडा एका बाजूला लोंबला. खोका फुटला. कवळ्या डांबरावर विखुरल्या, आणि धावत आलेल्या चार जणांच्या बुटांखाली कडकड वाजत राहिल्या.

"च्यायला, हा माणूस आहे की मगर?" कोणीतरी म्हणालं, आणि दोघे हसलेसुद्धा.

फिदेन्सिओ जमिनीवर पालथा पडला होता. पाठीवर टॉलिव्हरचा गुडघा. तोंडातून रक्त आणि लाळ. तो काहीतरी सांगत होता, पण त्या जबड्यातून शब्द निघत नव्हता.

दालियाने नियमाप्रमाणे ट्रॉम्पोला टॉवेल दिला. कुत्रा गरगर फिरला.

दीड तास गाडी उसवली गेली. आसनं काढली, दारांचे पत्रे काढले, पेट्रोलची टाकी उतरवली. सापडलं ते असं: प्लास्टरच्या दोन पिशव्या, कानशी, निळ्या रबरी हातमोज्यांचा एक नवा डबा, आणि कागदात गुंडाळलेले बीन्सचे तीन बुरितो. फेंटानिल या जहाल अमली पदार्थाचा कणही नाही.

*

बाराच्या सुमाराला बातमी आली.

चौकीच्या उत्तरेला अकरा मैलांवर महामार्गाच्या गस्तवाल्याने एक लाल पिकअप अडवली होती. मागचा एक दिवा फुटलेला होता, एवढ्याच कारणावरून. ऑर्व्हिल मेकम हा गस्तवाला खिडकीपाशी गेला, "नमस्कार" म्हणाला, आणि आतल्याने दारातूनच गोळी झाडली. ती मेकमच्या गळ्यातून गेली. मागच्या मोटारसायकलवरच्या त्याच्या जोडीदाराने पिकअपमध्ये अख्खं पिस्तूल रिकामं केलं. चालक जागेवर संपला. मेकम रस्त्याच्या कडेला सात मिनिटं जिवंत होता. स्वतःच्या गळ्यावर स्वतःच हात दाबून.

पिकअपच्या जादा चाकात अकरा किलो माल निघाला. मिठाच्या चार कणांएवढा पोटात गेला तरी माणूस श्वास घ्यायचं विसरतो, असा तो माल. त्या चाकात एका अख्ख्या शहराचं मरण होतं.

लाल पिकअप म्हटल्यावर दालियाला सकाळची रांग आठवली. फिदेन्सिओच्या वीस मिनिटं आधी ती पिकअप तिच्याच रांगेत होती. ट्रॉम्पोने तिचं मागचं चाक हुंगलं होतं, जादा चाकही हुंगलं होतं, आणि तो शेपटी हलवत पुढे निघाला होता. दालियाने स्वतः हात करून चालकाला जायला सांगितलं होतं. तोही हसून म्हणाला होता, "छान कुत्रा आहे, बाई."

टॉलिव्हर आरामखोलीत जमिनीवरच बसला. मेकम त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.  मग उठून त्याने पाण्याच्या यंत्राला अशी लाथ घातली की ते आडवं झालं.

"त्या दातवाल्यानेच," तो म्हणाला. "समजत नाही का तुम्हाला? त्याच्या गाडीला माल नुसता चोळला होता. कुत्रा तिथे बसावा म्हणून. आपण सगळे त्याच्यावर तुटून पडलो आणि तोवर पिकअप मैलभर पुढे गेली. ऑर्व्हिलला त्याने मारलंय."

"पण पिकअप आधी गेली, वेड," दालिया म्हणाली. "वीस मिनिटं आधी. आणि ट्रॉम्पो तिच्यापाशी बसला नाही."

"कारण मागून करड्या गाडीचा वास येत होता! त्याचं नाक तिकडे ओढलं गेलं. तूच म्हणतेस ना, तो कधी चुकत नाही? दोन वर्षांत एकदा तरी चुकलाय?"

चुकला नव्हता. परीक्षेत शंभरपैकी शंभर. सात मोठे माल त्याने पकडून दिले होते. कधी कधी तो भलत्याच गाडीपाशी बसायचा, दंतवैद्याच्या, परिचारिकेच्या, एकदा एका खाटकाच्याही. पण तेव्हा सगळे म्हणायचे, असेल काहीतरी लागलेलं, हल्ली नोटांनासुद्धा लागलेलं असतं.

चौकीच्या प्रमुख मार्जरी हॅस्क्यूबाईंनी दालियापुढे कागद ठेवला. मजकूर तयार होता: कुत्र्याने स्पष्ट खूण दिली, सबब संशयिताच्या गाडीवर अमली पदार्थाचा अंश होता. पिकअपचा चालक मेला होता. मेकमच्या खुनाचा जाब विचारायला जिवंत असा एकच माणूस हाती होता. उद्या दुपारी चार वाजता त्याला टूसॉनच्या तुरुंगात हलवायचं होतं. गस्तवाल्याला मारणारा म्हणून जो त्या तुरुंगात शिरतो त्याचं काय होतं, ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दालियाने सही केली.

*

दुसऱ्या दिवशी दहा वाजता प्रयोगशाळेतून विल्मा ऑर्टेगॉनचा फोन आला. विल्मा रसायनं तपासायची आणि तिला बोलायला कोणी मिळत नसे.

"दालिया, तुझ्या पिकअपवाल्यांसारखे गबाळे लोक मी जन्मात पाहिले नाहीत. प्रत्येक पुडीवर बोटांचे ठसे. दहाच्या दहा बोटांचे! जणू हजेरी लावलीये."

"म्हणजे?"

"म्हणजे उघड्या हातांनी बांधलंय सगळं. हातमोजे दिलेच नाहीत बिचाऱ्यांना. कोणाला तरी पकडून बसवलं असणार कोंडून. अर्धे तर बांधता बांधताच मेले असतील. एरवीचे लोक शहाणे असतात बाई, दोन-दोन जोड घालतात. तुझ्या आधीच्या सातही मालांवर मला एक ठसा मिळाला नव्हता. आता बघ... अगं? आहेस ना?"

दालियाने फोन ठेवला होता. तिला करड्या गाडीतून निघालेल्या वस्तू आठवल्या. प्लास्टर, कानशी, बुरितो. आणि हातमोज्यांचा नवा डबा. मग दंतवैद्य आठवला. परिचारिका. खाटीक.

ती चालत नाही, धावतच कुत्र्यांच्या शेडकडे गेली.

डॉन कासिमिरो लेव्हा तिथे एका तरण्या कुत्रीचे कान साफ करत बसले होते. वय एकाहत्तर, म्हणून सगळे त्यांना आदराने 'डॉन' म्हणायचे. दोस पेन्यासच्या प्रत्येक कुत्र्याला त्यांनीच शिकवलं होतं, आणि कुत्रं धरणाऱ्या प्रत्येक माणसालाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते रोज यायचे. घरी कोणी ऐकत नाही, म्हणायचे.

"डॉन कासिमिरो, सरावासाठी मालाच्या नमुन्याचा डबा लपवताना आपण हातमोजे घालतो."

"दोन जोड. कोरे. दर वेळी नवे. मीच नियम केलाय, मला काय सांगतेस?"

"आणि रिकामे डबे? जे कुत्र्याला फसवायला ठेवतो ते?"

"ते उघड्या हाताने. रिकाम्या डब्याला कोण घाबरतं?" ते बोलले आणि थांबले. कानातला बोळा तसाच राहिला.

"ट्रॉम्पो फेंटानिलपाशी बसत नाही," दालिया म्हणाली. "तो कोऱ्या हातमोज्यापाशी बसतो."

"उन्हाने डोकं फिरलंय तुझं." म्हातारा उठून उभा राहिला. आवाज चढला. "माझ्या कुत्र्यांना नाक आहे, पोरी! हा नियम मी का केला ते माहितीये तुला?"

तिला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. त्यांची स्वतःची कुत्री नुबे एका गाडीच्या तळाशी नाक घालून हुंगत होती. तळाला पुडी फुटलेली होती. तिने एकदा जीभ लावली, चार पावलं चालली आणि मागचे पाय तिच्या अंगाखाली दुमडले. कासिमिरोंनी तिच्या नाकात उताऱ्याचा फवारा मारला, छाती दाबली, तोंडाला तोंड लावून श्वास दिला. भर रस्त्यात, शंभर गाड्या हॉर्न वाजवत असताना. ती त्यांच्या हातातच गेली. त्यानंतर त्यांनी ठरवलं होतं, की हे विष परत कोणाच्याही उघड्या हाताला लागणार नाही.

"मग करून दाखवा," दालिया म्हणाली. "मी चुकत असेन तर सगळ्यांसमोर माझा कान धरा. पण चार वाजता त्या माणसाला नेणार आहेत."

 कासिमिरो वळून नमुन्यांच्या तिजोरीकडे गेले. सगळ्यात खालच्या खणातून त्यांनी मेणाने बंद केलेली एक काचेची कुपी काढली. नुबेच्या काळची. तेव्हा हातमोज्यांचा नियम नव्हता. तिच्यात फेंटानिलच होतं, आणि तिला हातमोजा कधी लागला नव्हता.

शेडच्या सिमेंटवर त्यांनी आठ मातीच्या कुंड्या उपड्या घातल्या. तिसरीखाली झाकणाला भोक पाडलेली ती कुपी, चिमट्याने धरून ठेवली. सहावीखाली निळ्या हातमोज्याचा कापलेला एक तुकडा, तोही चिमट्यानेच. बाकीच्यांखाली काही नाही. तेवढा वेळ दालिया उताऱ्याचा फवारा हातात घेऊन उभी होती, बोट चापावर.

ट्रॉम्पो आला. पहिली कुंडी. दुसरी. तिसरीपाशी त्याने नाक लावलं, नाकपुड्या हलल्या, आणि तो पुढे गेला. चौथी. पाचवी.

सहावीपाशी तो बसला. नाक रोखून, थिजून, अगदी देखणा.

कासिमिरोंनी कुंड्यांच्या जागा बदलल्या. परत तेच. मग उरलेले तीन कुत्रे एकेक करून आणले. कान साफ करून घेणारी तरणी कुत्री कुपीपाशी बसली. तिचे धडे आत्ता कुठे सुरू झाले होते, हातमोज्याचा वास अजून तिच्या नाकात बसला नव्हता. दुसरे दोघे हातमोज्यापाशी बसले.

म्हातारा उलट्या बादलीवर बसला. ट्रॉम्पो टॉवेलची वाट बघत त्यांच्या गुडघ्याला नाक घासत होता.

"दोन वर्षं," कासिमिरो म्हणाले. "दोन वर्षं मी यांना हातमोजे शोधायला शिकवलं. आणि शंभरपैकी शंभर मार्क दिले."

"त्यांनी सात माल पकडले, डॉन कासिमिरो."

"बांधणारेही मरणाला भितात गं. तेही आपल्यासारखेच निळे हातमोजे घालतात. म्हणून पकडले." त्यांनी ट्रॉम्पोच्या डोक्यावर हात ठेवला. "याचा काही दोष नाही. याला जे शिकवलं तेच याने केलं. कुत्रा कधी खोटं बोलत नाही. आपण त्याला काय विचारलं तेच आपल्याला माहीत नसतं." ते उठले. "चल. लिहू. माझं नाव वर लिही, तुझं खाली."

*

हॅस्क्यूबाई मेकमच्या घरी गेल्या होत्या. तीनपर्यंत येणार होत्या. दोघांनी कागद लिहिला, सह्या केल्या. कासिमिरो तो घेऊन बाईंच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि दालिया कोठडीकडे निघाली. फिदेन्सिओला एवढं तरी कळावं, की कोणीतरी काहीतरी करतंय.

कोठडीबाहेर पहारेकरी नव्हता. वरच्या कॅमेऱ्यावर कोणीतरी टोपी अडकवली होती. आतून धप् धप् असा आवाज येत होता, गादी झोडपल्यासारखा.

तिने दार ढकललं.

फिदेन्सिओ खुर्चीला जखडलेला होता. जबड्यावरची पट्टी रक्ताने काळी झाली होती. एक डोळा बंद. टॉलिव्हर शर्टाच्या बाह्या सरसावून त्याच्यासमोर उभा होता. मुठीला ओला टॉवेल गुंडाळलेला, वळ उठू नयेत म्हणून.

"नाव सांग," टॉलिव्हर म्हणत होता. "कोणी पाठवलं ते सांग, मग थांबतो."

"त्याचा जबडा तू मोडलायस, वेड. कसं सांगेल?"

"बाहेर जा, दालिया."

"त्याच्या गाडीवर काही नव्हतं. आत्ता तपासून आलेय. ट्रॉम्पो हातमोज्यांपाशी बसतो, फेंटानिलपाशी नाही. डॉन कासिमिरोंनी स्वतः पाहिलं. हा माणूस नुसता दात घेऊन चालला होता."

टॉलिव्हर तिच्याकडे वळला. डोळे लाल, रात्रभर झोप नसलेले. ऐकलेलं आत पोचायला त्याला वेळ लागला. पोचलं तेव्हा त्याने तिचा गळा धरला आणि तिला भिंतीवर दाबलं. बुटांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या.

"तुझ्या त्या कुत्र्यामुळे," तो दातओठ खात म्हणाला. "तू सोडलंस त्या पिकअपला. तू हात करून सोडलंस. ऑर्व्हिलला तू मारलंस."

तिला श्वास मिळत नव्हता. कमरेला कुत्र्याच्या साखळीचं जाड पितळी कडं होतं. ते तिच्या हाताला लागलं आणि तिने ते त्याच्या कानशिलावर हाणलं. एकदा. दुसऱ्यांदा त्याच्या मनगटावर. हाड वाजलं. पकड सुटली आणि दोघेही जमिनीवर आले, एकमेकांच्या अंगावर, धापा टाकत. त्याने डाव्या हाताने तिच्या तोंडावर ठोसा दिला. तिने कडं परत उचललं आणि त्याच्या डोळ्यापाशी धरलं.

"हो," ती म्हणाली. तोंडात रक्त होतं. "मी सोडलं. ते मी लिहून दिलंय. आता तू हललास तर हेही करीन."

तो हलला नाही. त्याचं मोडलेलं मनगट त्याने पोटाशी धरलं होतं, आणि तो रडायला लागला.

"तुला कळतंय का तू काय केलंस?" तो म्हणाला. "ते सात जण. सातही सुटतील. कुत्र्याच्या खुणेवर पकडलेले सगळे. त्यातला तो सांदोव्हाल, ज्याने त्या मुलीला विहिरीत टाकलं, जिवंत. तोही सुटेल. या एका दातवाल्यासाठी?"

दालियाला हे सुचलं नव्हतं असं नाही. शेडपासून इथवर येताना प्रत्येक पावलाला तेच सुचत होतं. विहिरीतून काढलेल्या त्या मुलीची नखं मोडली होती, भिंतीवर चढायचा प्रयत्न करून करून. ते फोटो तिने पाहिले होते. आणि खुर्चीवरचा माणूस उघड्या एका डोळ्याने तिच्याकडे बघत होता. त्याला इंग्रजी नीट येत नसे. पण आपल्याबद्दल काहीतरी ठरतंय, एवढं त्याला कळत होतं.

"सांदोव्हालने टाकलं," ती म्हणाली. "त्याला परत पकडू. त्याच्या बदल्यात हा कशाला?"

तिने टॉलिव्हरच्या कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि फिदेन्सिओच्या हाताच्या बेड्या सोडल्या. सुटलेले हात त्याने आधी चेहऱ्यापुढे धरले, मार चुकवायला. बराच वेळ तसेच.

*

हॅस्क्यूबाईंनी कागद दोनदा वाचला. मग कासिमिरोंना विचारलं, "याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? चारही कुत्रे आजपासून बंद. सोमवारी सात वकील माझ्या दारात."

"चार नाही बाई, तीन," कासिमिरो म्हणाले. "तरणी बरोबर बसली. तिला आणि आणखी दोन नवीन पिल्लांना मी परत पहिल्यापासून शिकवतो. रिकाम्या डब्यालाही हातमोजे लावायचे, बीन्सलाही लावायचे, माझ्या चपलेलासुद्धा लावायचे. म्हणजे हातमोजा जगात सगळीकडे असतो हे त्यांना कळेल. दोन महिने द्या. आणि तोवर गाड्या तपासायला माणसांना सांगा. त्यांना डोळे दिलेत देवाने."

"आणि ट्रॉम्पो?"

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. पाच वर्षांच्या कुत्र्याच्या नाकातून असा धडा पुसता येत नाही.

बाईंनी दालियाच्या सुजलेल्या ओठाकडे, गळ्यावरच्या बोटांच्या वळांकडे पाहिलं.  फोन उचलून त्यांनी टूसॉनच्या सरकारी वकिलाला सांगितलं, की चारची गाडी पाठवू नका. पलीकडचा माणूस ओरडत होता, ते टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येत होतं. बाई मध्येमध्ये फक्त "नाही" म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी टॉलिव्हरचं पिस्तूल आणि बिल्ला आणायला माणूस धाडला, आणि टेबलावर दोन्ही हात पसरून बसल्या.

"ऑर्व्हिलच्या बायकोला मी आत्ताच सांगून आले, की माणूस सापडलाय म्हणून," त्या म्हणाल्या.



रुग्णवाहिका सीमा ओलांडत नव्हती आणि फिदेन्सिओ इकडच्या इस्पितळात जायला तयार नव्हता. कागदावर लिहून त्याने एकच शब्द दाखवला: घर. त्याच्या करड्या गाडीचे पत्रे अजून शेडमध्ये पडले होते. शेवटी दालियाने आपली गाडी काढली. तो मागच्या आसनावर आडवा झाला, तोंडाखाली फडकं धरून. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला तो कण्हायचा आणि ती वेग आणखी कमी करायची. मागे हॉर्न वाजत राहिले.

पलीकडच्या गावात टायरच्या दुकानामागच्या चढावर त्याचं घर होतं. तिने गाडी थांबवली तेव्हा त्याची बायको आम्पारो रस्त्यावरच उभी होती. कालपासून ती तिथेच उभी असावी अशी. तिने खिडकीतून आत पाहिलं. नवऱ्याचा चेहरा पाहिला. मग दालियाच्या अंगावरचा गणवेश पाहिला.

दालिया गाडीतून उतरली. "आम्पारोबाई, मी... माझ्या कुत्र्याची चूक झाली. नाही, माझी. मी सही केली होती. आता ती मागे घेतलीये. त्यांच्यावर काही आरोप नाही."

आम्पारोने तिच्या थोबाडीत मारली. सुजलेल्या बाजूलाच. ओठ परत फुटला. शेजारणी दारात आल्या. आम्पारोने दुसऱ्यांदा मारली, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तिच्या हातात जोर उरला नव्हता. दालियाने हात वर केला नाही.

"मारून झालं की सांगा," ती हळूच म्हणाली.

 पदरासारख्या शालीने डोळे पुसत आम्पारोने गाडीचं दार उघडलं.

"उभी काय राहिलीस?" ती म्हणाली. "पाय धर त्याचे. मला एकटीला उचलवणार नाही तो."